‘ड’ जीवनसत्त्व : किती घ्यावे, कोठे थांबावे?

औषधाविषयी आपल्या लोकांत एक जुनी समजूत आहे. कडू असेल ते औषध आणि गोड असेल ते टॉनिक. औषध मोजून घ्यावयाचे, टॉनिक मात्र कितीही घेतले तरी अंगी लागावयाचे! ही समजूत किती महाग पडते ह्याचा अनुभव आमच्या घरच्या मंडळींनी गेल्याच वर्षी घेतला. घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडू नये असे म्हणतात. परंतु एका घराच्या ठेचेने दहा घरे शहाणी होणार असतील, तर ती सांगणे हे मी शिक्षक ह्या नात्याने माझे कर्तव्य समजतो.

माझी थोरली मावशी आपल्या ह्या बऱ्हाणपुरातच एका जुन्या, अरुंद बोळात राहते. वय पासष्टीच्या पुढे, दिवसभर शिवणकाम, आणि घराबाहेर पडणे ते सणासुदीला. मार्गशीर्षात तिची कंबर व गुडघे धरले. डॉक्टरांनी रक्त तपासून ‘ड’ जीवनसत्त्व फार कमी असल्याचे सांगितले व आठ पुड्या लिहून दिल्या. दर आठवड्यास एक पुडी, दुधातून. ही तीच प्रसिद्ध ‘साठ हजारांची पुडी’, जी आज आपल्या गावात बहुतेक घरांच्या फडताळात सापडते. दोन महिन्यांत मावशीला पुष्कळच उतार पडला. येथपर्यंत सारे यथायोग्य झाले.

पुढे मात्र मावशीने स्वतःच वैद्यकी आरंभिली. “आठवड्याला एक घेऊन एवढे बरे वाटले, तर रोज एक घेतल्यास म्हातारपणच पळून जाईल,” असा तिचा सरळ हिशेब! दुकानदार जुन्याच चिठ्ठीवर पुड्या देत राहिला. आणि आम्ही घरचे शिकलेसवरलेले लोक, आम्हीही एका शब्दाने विचारले नाही. तीन महिने हा क्रम चालला. वैशाखात तिचे अन्न तुटले. मळमळ, ओकाऱ्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखे लघवीला जाणे. आम्ही म्हटले, ऊन बाधले. कैरीचे पन्हे झाले, कांद्याचा रस झाला. एके दिवशी ती मला ओळखीना, माझ्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारू लागली, तेव्हा तिला रुग्णालयात नेले. रक्तातील कॅल्शियम, म्हणजे चुन्याचे द्रव्य, भलतेच वाढले होते आणि मूत्रपिंडे थकली होती. शिरेतून सलाईन देऊन, पुड्या व कॅल्शियमच्या गोळ्या तत्काळ बंद करून तिला वाचविण्यात आले. पण पुड्या बंद केल्या म्हणून रक्त दुसऱ्या दिवशी निवळले नाही; त्याला कित्येक महिने लागले.

आता हिशेब पाहा. नव्वद दिवस, रोज साठ हजार युनिट; एकूण ५४ लाख युनिट. प्रौढ माणसाची रोजची गरज ६०० युनिटांची धरतात. म्हणजे मावशीने तीन महिन्यांत ९,००० दिवसांची, जवळजवळ साडेचोवीस वर्षांची शिदोरी पोटात घातली! तिला कोणी फसविले नव्हते. तिला कोणी मोजावयास शिकविले नव्हते, एवढेच.

ही हकीकत ऐकून काही जण लगेच म्हणतील, “म्हणूनच ह्या पुड्यांच्या नादी लागू नये, आपले वाडवडील काय पुड्या खाऊन जगले?” हे दुसरे टोक झाले, आणि तेही तितकेच चुकीचे आहे. ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव ही काही औषध विकणाऱ्यांची कल्पना नव्हे. ह्याचा पुरावा शोधावयास विलायतेस जाण्याचे कारण नाही. तो आपल्या शेजारच्या नाशिकातच मिळतो. हचिसन आणि शहा ह्या दोघा वैद्यकांनी नाशिक येथे मुडदुसाचा अभ्यास करून १९२२ साली तो प्रसिद्ध केला. मुडदूस म्हणजे लहान मुलांची हाडे मऊ राहून पाय वाकण्याचा रोग. तो गरिबांचा, उपाशी पोटाचा रोग असावा असा सर्वसाधारण समज. ह्या दोघांना आढळले ते नेमके उलट. जेथे दूधतुपाची कमतरता नव्हती, परंतु पडद्याच्या चालीमुळे आई व तान्हे मूल महिनेच्या महिने अंधाऱ्या खोलीत राहत, अशा सुखवस्तू घरांत मुडदूस होता. आणि ज्यांच्या ताटात फारसे काही नसे, पण जी आईच्या कडेवरून शेतावर जात, ती मुले त्यापासून मुक्त होती. अन्नाने जे साधले नाही, ते उन्हाने साधले होते.

त्याच सुमारास युरोपातही हे कोडे दोन बाजूंनी सुटत होते. १९१९ साली लंडनमध्ये एडवर्ड मेलान्बी ह्यांनी कुत्र्याच्या पिलांत मुडदूस उत्पन्न करून तो कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने टळतो असे दाखविले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की ह्यांनी मुडदुसाने पछाडलेल्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली बसवून बरे केले. एकाच्या हाती तेल, दुसऱ्याच्या हाती प्रकाश! १९२२ साली अमेरिकेतील मॅकॉलम ह्यांनी तेलातील ते द्रव्य वेगळे आहे असे सिद्ध केले. अ, ब, क ही अक्षरे आधीच वापरली गेली होती. म्हणून ह्याच्या वाट्यास ‘ड’ आले. उन्हातील अतिनील किरण आपल्या त्वचेतील एका स्निग्ध द्रव्यावर पडले की हेच ‘ड’ तयार होते. पुढे यकृत व मूत्रपिंड त्यावर संस्कार करतात, आणि मग ते आतड्यातून अन्नातील चुना शोषून घेण्याच्या कामी येते. चुन्याची ने-आण करणारा हा मुकादम होय. तो मुळीच नसला तर हाडांचे बांधकाम अडते. आणि एकाच्या जागी शंभर मुकादम ओरडू लागले तर चुना हाडांत जाण्याऐवजी रक्तात व मूत्रपिंडांत साचू लागतो. मावशीचे हेच झाले.

येथे निसर्गाची एक मोठी खुबी लक्षात घेण्यासारखी आहे. उन्हात कितीही वेळ बसले तरी ‘ड’ची विषबाधा होत नाही. ठराविक प्रमाणात ते तयार झाले की तेच ऊन जास्तीचा भाग मोडून निरुपयोगी करून टाकते. सूर्याच्या तराजूला अशी काटेकोर दांडी आहे. पुडीच्या तराजूला ती नाही. तोंडाने घेतलेले ‘ड’ पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळते. त्यामुळे ‘ब’ किंवा ‘क’ जीवनसत्त्वांप्रमाणे जास्तीचा भाग लघवीवाटे सहज निघून जात नाही; तो अंगात साठून राहतो व पुढे महिनेच्या महिने झिरपत राहतो. म्हणूनच पुडीची दांडी आपल्या हाती धरावी लागते.

मग दांडी कोठे धरावी? आकडे नीट ध्यानात घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांसाठी जी प्रमाणे ठरविली, त्यांत प्रौढास रोज ६०० युनिट पुरेसे मानले आहेत आणि सुरक्षिततेची वरची सीमा ४,००० युनिट धरली आहे. अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने २०१० साली वयपरत्वे घातलेल्या सीमा अशा : सहा महिन्यांपर्यंतच्या बाळास रोज १,००० युनिट, वर्षाच्या आतील बाळास १,५००, एक ते तीन वर्षांस २,५००, चार ते आठ वर्षांस ३,०००, आणि नऊ वर्षांपासून पुढे सर्वांस ४,०००. युरोपीय तज्ज्ञ तर दहा वर्षांपर्यंतच्या मुलांस २,००० वरच थांबवितात. ह्या सीमा म्हणजे गाठावयाचे शिखर नव्हे. त्या गच्चीच्या कठड्यासारख्या आहेत. कठडा असतो तो त्याच्या आत राहण्यासाठी, त्यावर चढून बसण्यासाठी नव्हे.

चाणाक्ष विद्यार्थी येथे विचारील, “गुरुजी, आठवड्यास साठ हजार म्हणजे दिवसास साडेआठ हजारांवर झाले. मग डॉक्टरांनी लिहून दिलेली पुडीही सीमेबाहेरच नव्हे काय?” शंका रास्त आहे. उत्तर असे की, वरील सीमा निरोगी माणसाने आपल्या मनाने, रोज, वर्षानुवर्षे घ्यावयाच्या प्रमाणाच्या आहेत. रिकामा हौद भरावयाचा असेल तेव्हा डॉक्टर मोठी मात्रा देतो; पण तो तिला आरंभ देतो तसा शेवटही देतो. आठ आठवडे म्हणजे आठ आठवडे. हौद भरल्यावर नळ उघडा ठेवणे हे पाणी भरणे नव्हे, घर बुडविणे होय. आपण तापीकाठचे लोक आहोत. जे पाणी राजघाटावर आपण ओंजळीत घेतो तेच पुरात दारात आले की काय करते, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

ही मात्रा किती सूक्ष्म असते ह्याचीही कल्पना आपणांस नसते. ४० युनिट म्हणजे एक मायक्रोग्रॅम, ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एका ग्रॅमात चार कोटी युनिट झाले! २०११ च्या जनगणनेत आपल्या बऱ्हाणपूर शहराची वस्ती दोन लाख दहा हजारांच्या घरात होती. एवढ्या सर्व माणसांची एका दिवसाची गरज सव्वातीन ग्रॅमांच्या आतच भागते. चहाच्या चमच्यात मावेल एवढ्या द्रव्याने जेथे सारे शहर तृप्त होते, तेथे ‘थोडे जास्त झाले तर काय बिघडले’ असे म्हणून कसे चालेल?

बिघडते, हे जगाने अनेकदा पाहिले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनने बालकांचा मुडदूस हटविण्यासाठी सरकारी दुधाच्या भुकटीत ‘ड’ मिसळले, पेजेच्या पिठात मिसळले, शिवाय कॉडचे तेलही वाटले. प्रत्येक योजना आपापल्या जागी उत्तम. परंतु एकाच बाळाच्या पोटात तिन्ही जातात ह्याची बेरीज कोणी केली नाही. १९५० नंतरच्या काही वर्षांत न वाढणारी, ओकणारी, रक्तात चुना वाढलेली बालके आढळू लागली, आणि १९५७ साली ती प्रमाणे कमी करावी लागली. पुढे २०११ साली असेही उघडकीस आले की काही मुलांत जन्मतःच ‘ड’ची विल्हेवाट लावणारा एक घटक दुबळा असतो, इतरांना सोसणारी मात्रा त्यांना सोसत नाही. शेजारच्या बंड्याला मानवले म्हणून आपल्या बंड्याला मानवेलच असे नाही, असा ह्याचा साधा अर्थ. आपल्या देशातही २०११ साली काश्मीरमधील डॉक्टरांनी अशाच रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. तेथे ‘ड’ची उणीव सर्रास आढळते, त्या उणिवेवर म्हणून पुनःपुन्हा दिलेल्या प्रचंड मात्रांनीच हे लोक आजारी पडले होते.

आणि जास्त घेऊन जास्त लाभ तरी होतो काय? ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढील दोन हजारांहून अधिक स्त्रियांवर एक प्रयोग झाला. त्यांतील निम्म्या स्त्रियांना वर्षातून एकदम पाच लाख युनिट दिले. अपेक्षा अशी की हाडे बळकट होतील. २०१० साली निकाल प्रसिद्ध झाला तो असा, की मोठी मात्रा घेणाऱ्या स्त्रियाच अधिक वेळा पडल्या व त्यांचीच हाडे अधिक मोडली! कॅनडातील कॅलगरी येथे तीन वर्षे रोज ४००, ४,००० किंवा १०,००० युनिट देऊन तुलना केली गेली. २०१९ साली दिसून आले की मात्रा वाढविल्याने हाडांची घनता वाढली नाही, उलट मनगटाच्या हाडात ती घटली. अमेरिकेत पंचवीस हजारांहून अधिक लोकांना सुमारे पाच वर्षे पारखले. रोज २,००० युनिट घेणाऱ्यांत कर्करोग वा हृदयविकार कमी झाला नाही, असे २०१८ साली जाहीर झाले. त्यांतील बहुतेकांना मुळात उणीव नव्हती, हे मात्र विसरता कामा नये. तहानलेल्यास पाणी हे अमृत आहे. तृप्त माणसास तिसरा तांब्या पाजणे हा उपचार नव्हे.

मग आपण करावे तरी काय? प्रथम, जे फुकट आहे ते घ्यावे. सूर्य आपल्या गावावर विशेष प्रसन्न आहे. बऱ्हाणपूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस असल्यामुळे मेच्या अखेरीस व जुलैच्या मध्यास तो अगदी डोक्यावर येतो. आणि वर्षातील सर्वांत लहान दिवशी, २२ डिसेंबरलाही, भर दुपारी आपली सावली आपल्या उंचीहून लांब नसते. ही सावलीच आपली मोजपट्टी आहे. सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हा त्वचेत ‘ड’ चांगले तयार होते. लांब असते तेव्हा फारच थोडे. म्हणजे पहाटेचे कोवळे ऊन मनास सुखविते खरे, पण ‘ड’च्या कामी ते फारसे येत नाही. बंद खिडकीच्या काचेतून आलेले ऊनही येत नाही, कारण ते किरण काच अडविते. उन्हाळ्यात सकाळी नऊ वाजून गेले की सावली पुरेशी आखडते. तेव्हा थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून उन्हात वावरावे व ऊन तापण्यापूर्वी सावलीत यावे. वैशाखातील बऱ्हाणपुरी दुपारी ‘ड’साठी मैदानात उभे राहणे हे शहाणपण नव्हे. हिवाळ्यात मात्र दुपारचे ऊन हेच खरे ऊन.

म्हणून एक सूचना मी आपल्या शाळेपुढेच ठेवतो. हिवाळ्याच्या चार महिन्यांत खेळाचा तास सकाळच्या थंडीत न ठेवता दुपारच्या सुटीला लागून ठेवावा. ह्याला पैसा लागत नाही, केवळ वेळापत्रक हलवावे लागते. आज आपली मुले शाळेतून शिकवणीस व शिकवणीतून दूरदर्शन संचापुढे जातात. मुली डोक्यापासून बोटांपर्यंत ओढणीत गुरफटून सायकलवरून जातात. आणि यंत्रमागावर काम करणारे आपले हजारो बांधव दिवस छपराखाली घालवून रात्रीच बाहेर पडतात. नाशिकच्या अंधाऱ्या खोल्या गेल्या असे आपण समजतो. त्यांनी केवळ पत्ता बदलला आहे. ज्या बहिणींना रस्त्यावर उघड्या हाताने वावरणे प्रशस्त वाटत नाही, त्यांना घराची गच्ची तरी आहे. पापड-कुरडया उन्हात घालावयाच्या, तशी थोडी आपली हाडेही घालावीत.

दुसरे, अन्नाकडे पाहावे. माशांचे तेल व अंड्यातील पिवळा बलक ह्यांत ‘ड’ असते. शाकाहारी ताटात ते फारच थोडे. मात्र हल्ली दुधाच्या पिशव्यांवर व तेलाच्या डब्यांवर ‘अधिक एफ’ अशी निळी खूण असते. त्यांत अ आणि ड जीवनसत्त्वे मिसळलेली असतात. शिवाय मुकादम आला तरी चुना हवाच. तो दूध, दही, नाचणी, तीळ ह्यांतून मिळतो.

तिसरे, ज्यांना पुडी किंवा गोळी घ्यावी लागते त्यांनी ती अवश्य घ्यावी, भिऊ नये; पण चार प्रश्न विचारल्यावाचून घेऊ नये. एका वेळी किती युनिट? किती दिवसांनी एकदा? एकंदर किती वेळा? आणि केव्हा थांबावयाचे? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि आपण विसरतो तोही तोच. ह्यात एक पोटप्रश्न आहे : दुसऱ्या कशात ‘ड’ जात आहे काय? कॅल्शियमच्या गोळीत ते असते, टॉनिकात असते, मुलांच्या चॉकलेटी भुकटीत असते, आणि सहा लाख युनिटांची सुईही आपल्याकडे सर्रास टोचली जाते. ब्रिटनमध्ये राहून गेलेली बेरीज आपण आपल्या स्वयंपाकघरात करावी. मूतखडा, मूत्रपिंडाचा विकार किंवा क्षय ज्यांना आहे, त्यांनी तर डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ह्या वाटेस जाऊच नये. त्यांच्या रक्तात चुना लवकर वाढू शकतो. आणि पुडी घेणाऱ्या माणसास अकारण मळमळ, बद्धकोष्ठ, अतितहान व भ्रम होऊ लागला, तर आमच्यासारखे उन्हाला दोष देत बसू नका. पुड्या थांबवा, आणि रिकाम्या पुड्या खिशात घालून डॉक्टरांकडे जा.

विद्यार्थिमित्रहो, शेवटची विनंती तुम्हांला आहे. तुमच्या घरी आजी-आजोबा आहेत. त्यांच्या उशाशी औषधांचा डबा आहे. त्यावरील बारीक अक्षरे त्यांना दिसत नाहीत, आणि ती बहुधा इंग्रजीत असतात. तुम्हांला ती वाचता येतात. गुणाकार तुम्हांला पाचवीतच शिकविला आहे. आज घरी गेल्यावर तो डबा उघडा, पुडीवरील आकडा मोठ्याने वाचून दाखवा, डॉक्टरांची चिठ्ठी शेजारी ठेवा आणि कॅलेंडरावर पुडीच्या वारी एक खूण करा. शेवटच्या तारखेवर मोठी फुली मारा. मावशीच्या भिंतीवर आता असे कॅलेंडर लटकले आहे. ते माझ्या पुतणीने केले, ती सातवीत आहे. आमच्या घरातल्या एवढ्या पदवीधरांना जे सुचले नाही, ते तिला सुचले.

मावशी हल्ली हिवाळ्यात दुपारी गच्चीवर शिवण घेऊन बसते. पुडीची गोष्ट काढली की हसून म्हणते, “बाबा, देवाने ऊन मोजून दिले होते, मीच मापाबाहेर गेले.”